लोणावळ्यास मुरत ठेवलेल्या मोटारीचे वर्तमान

॥ श्री ॥

मुक्काम लोणावळे,
चैत्र वद्य एकादशी, शके १८६८

चिरंजीव वैद्यराज भालचंद्र यांस दिगंबराचे पोटभर आशीर्वाद. (आज उपास असल्यामुळे पोटभर असे माझ्याजवळ आशीर्वादच काय ते आहेत.) येथे सर्व खुशाल. तुझ्या ताईच्या गुडघ्याने थंडीत कुरकूर केली, पण ऊन लागताच तो वठणीवर आला. माझा खोकला आता घरच्या माणसासारखा वागतो. येतो, बसतो, जातो. तुझ्या अम्लपित्ताचे काय झाले ते मागच्या दोन पत्रांत कळले नाही. जगाला आसवे पाजणाऱ्या वैद्याने स्वतःच्या पोटाबद्दल मौन पाळावे हे रसशाळेच्या दृष्टीने शहाणपणाचे असेल, आम्हांला मात्र काळजी वाटते. नागपूरच्या उन्हाबद्दल लिहिलेस तेवढे पुरे. आम्ही येथे पहाटे अजून शाल घेतो, हे तुला मुद्दाम लिहीत नाही, सहज लिहितो.

आता तुझ्या पत्राकडे वळतो. पत्र चार पानांचे. त्यात नव्या भट्टीचे वर्णन, मग यंदा आंबा कसा आहे याची चौकशी, आणि या दोहोंच्या मध्ये गर्दीत उभ्या राहिलेल्या माणसासारखे एक वाक्य: गोठ्यातली मोटार जिवंत आहे की गेली ते स्पष्ट कळवावे, अक्षय्य तृतीयेपर्यंत चालू झाली नाही तर पुण्याचा जुन्या लोखंडाचा व्यापारी येऊन घेऊन जाईल, त्याला सांगून ठेवले आहे. तुझे पत्र मी नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचत होतो. या वाक्यापाशी तुझी ताई म्हणाली, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचले. मग ती उठली आणि घासून पालथी घातलेली भांडी तिने परत घासायला घेतली. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर व्याकरणापेक्षा मला या भांड्यांचा अर्थ लवकर लागतो.

तो अर्थ तुलाही सांगितला पाहिजे. तू येथून गेल्यावर तिने पुण्यास राहून दाईचे शिक्षण घेतले हे तुला ठाऊक आहे. पुढे काय झाले ते ठाऊक नाही. मावळातल्या बायका तिला बोलावू लागल्या. कार्ल्याहून बोलावणे, मळवलीहून बोलावणे, अगदी कामशेतच्या पलीकडून पवन मावळातूनही. जायचे कशाने, तर दत्तोबाच्या टांग्याने. दत्तोबा तोच, स्टेशनवरचा, ज्याच्याशी तू भाड्यावरून भांडून शेवटी चालत घरी आला होतास. त्याची घोडी सगुणी आता म्हातारी झाली. कार्ल्याच्या फाट्यापर्यंत ती मुकाट्याने येते, तेथे उभी राहते आणि देवीला जायला निघाल्यासारखी डोंगराकडे पाहत बसते. मागच्या मार्गशीर्षात येळसे गावाहून निरोप आला तेव्हा तुझी ताई फाट्यापासून बैलगाडीने आणि पुढे पायी गेली. पोचली तोवर उशीर झाला होता. बाई वाचली, मूल वाचले नाही. दुसऱ्या दिवशी गोठ्यात जाऊन तिने तुझ्या मोटारीवरची धूळ पुसली. तेव्हापासून ती रोज पुसते. म्हणून ते वाक्य तिने दोनदा ऐकले.

(ती मोटार चालवू शकते, हे तू विसरला असशील तर त्या चिंचेच्या झाडाला विचार. तूच तिला गंमत म्हणून कार्ल्याच्या रस्त्यावर शिकवलेस आणि पहिल्याच दिवशी त्या झाडाने मागे सरायला नकार दिला. पुढे मात्र ती तुझ्यापेक्षा बरी चालवू लागली, तेव्हा तू धडे आटोपते घेतलेस.)

आता मोटारीचे. स्पष्ट लिही म्हणालास, म्हणून मुळापासून लिहितो, आणि मूळ तुझ्यापाशीच आहे. लढाईत पेट्रोल कूपनावर गेले तेव्हा तू कोठून तरी साखर कारखान्याचे स्पिरिट पैदा केलेस. अर्धे पेट्रोल आणि अर्धे ते, अशी टाकी काठोकाठ भरलीस. आम्ही विचारले, हे इतके दिवस राहील ना? तेव्हा तू ओसरीवर बसून जे प्रवचन केलेस ते मला अजून पाठ आहे. स्पिरिट म्हणजे शेवटी मद्य, मद्य म्हणजे आसवाचा भाऊ, आणि आसव जितके जुने तितके गुणकारी, असे तुझे सगळे आचार्य एकमुखाने सांगतात. मी संस्कृतचा मास्तर. आचार्यांचे नाव निघाल्यावर मान हलवण्यावाचून मला दुसरे काही शिकवलेले नाही, मी हलवली. मग तू मुलतानी माती भिजवलीस, माझे जुने धोतर फाडलेस (ते तितके जुने नव्हते), आणि रसशाळेत आसवाच्या रांजणाचे तोंड बंद करतात तशी टाकीच्या झाकणावर कापडमाती चढवलीस. एक थर वाळला की दुसरा. वर हळदीकुंकू तेवढे वाहायचे राहिले. चाकांखाली विटा रचल्यास, आणि लढाई संपेपर्यंत हे असे मुरेल की मोटार कुलाब्यापर्यंत एका दमात जाईल असे सांगून नागपूरची गाडी पकडलीस.

तुझ्या आचार्यांबद्दल मला आदर आहे. पण त्यांपैकी कोणी लोणावळ्यास आषाढ काढलेला दिसत नाही. येथे पावसाळ्यात काडेपेटी उशाशी घेऊन झोपावी लागते, मिठाचे पाणी होते, आणि माझ्या संस्कृत कोशाला दरवर्षी बुरशीच्या मिशा फुटतात. असे चार पावसाळे त्या मोटारीने काढले. माती ओली झाली, वाळली, तडकली. आणि त्या झाकणाला श्वास घ्यायला मुळात एक बारीक भोक असते, हे तुला ठाऊक नव्हते, मला तर नव्हतेच. मोटार चार वर्षे हळूहळू लोणावळ्याची हवा पीत होती. आसव मुरत होते खरे. त्यात आम्ही राहतो ते गाव मुरत होते.

तुझे पत्र आल्यावर तुझ्या ताईने अंबाजीला बोलावणे धाडले. अंबाजी हा देहूरोडकडे लढाईत लष्करी गाड्यांवर काम केलेला फिटर. आता लढाई संपल्याने तो आणि त्याचा आवाज दोन्ही मोकळे आहेत. आल्या आल्या त्याने मोटारीभोवती एक फेरी मारली, टपावर थाप दिली आणि म्हणाला, "शास्त्रीबुवा, मिलिटरीत आमी वाळवंटातनं आलेल्या गाड्या चालू केल्यात. ही तर घरात बसलेली सून हाय. चा हून द्या, तवर चालू करतो." चहा झाला. दुसरा झाला. दत्तोबा गोठ्याच्या दाराशी बिडी ओढत बसला होता. मोटार चालू झाली तर त्याच्या टांग्याचे काय होणार हे त्याला पुरते कळत होते, तरी ती पाहिल्याशिवाय त्याला राहवतही नव्हते. तो म्हणाला, "अंबाजीभाऊ, सून उठंना व्हय? सासूला बोलवू का?"

कापडमाती फोडली तेव्हा जो वास सुटला त्याचे वर्णन मी करीत नाही, कारण तू रसशाळेत बसून वाचणार आणि तुला तो नेहमीचाच वाटेल. आंबट, उग्र, आणि शेवटी नाकात राहणारा. अंबाजीने बॅटरी भरून आणली होती. त्याने हँडल मारले. पुन्हा मारले. मग मला मारायला लावले. मोटारीने एक खाकरा काढला, मागून काळा धूर सोडला आणि गप्प झाली. धूर दिसला की अग्नीचे अनुमान करावे, हे आम्ही लहानपणी घोकले. त्या दिवशी गोठाभर धूर होता आणि अग्नी औषधालाही नव्हता. इतक्या वर्षांच्या न्यायशास्त्राला असा धक्का माझ्याच गोठ्यात बसावा, याचे मला वाईट वाटले. अंबाजीने दोष प्लगांना दिला, ते काढले. मग तारांना दिला, त्या काढल्या. मग तुला दिला, पण तू नागपूरला होतास. संध्याकाळी सगळे परत लावल्यावर त्याच्या हातात तीन स्क्रू उरले. ते त्याने 'जादा' म्हणून खिशात टाकले.

इकडे यंत्राच्या पोटातून ते तुझे रसायन थेंब थेंब जमिनीवर गळत राहिले आणि वास गल्लीच्या टोकापर्यंत पोचला. दुसऱ्या दिवशी आबकारीचा जमादार दारात उभा. वडगावाहून आला होता. भला माणूस, पण नाक खात्याने दिलेले. त्याला कोणी सांगितले होते की शास्त्र्याच्या गोठ्यात भट्टी लागते. (कोणी, ते मला कळले आहे. सत्यनारायणाला मी त्यांच्याकडे गेलो नव्हतो.) मी त्याला नम्रपणे म्हटले की ही भट्टी नाही, मोटार आहे. तो म्हणाला, "मोटार पिऊन पडलीया व्हय?" मी म्हटले, थोडक्यात सांगायचे तर होय. त्याने गोठा पाहिला, टाकी हुंगली, आणि त्याचे डोळे भरून आले. ते वासाने की करुणेने हे सांगता येत नाही. जाताना त्याने मला सल्ला दिला की पंडित माणसाने असल्या नादाला लागू नये. मी कबूल झालो. आता स्टेशनवर लोक मला जरा अधिक आपुलकीने नमस्कार करतात, विशेषतः ज्यांच्याशी माझा परिचय नाही ते.

खरा रोग सापडला तो तुझ्या ताईला. ती औषधाच्या बाटल्या उजेडात धरून पाहणारी. तिने टाकीतले थोडे पाणी (पाणीच म्हणतो) एका काचेच्या बाटलीत घेतले आणि खिडकीत ठेवून स्वयंपाकाला गेली. वरणाला फोडणी देऊन येते तो बाटलीत दोन मजले. वर पिवळसर, खाली गढूळ. हलवले की एक, ठेवले की दोन. झाले होते ते असे: स्पिरिटाला पाण्याची फार हौस. हवेतले पाणी त्याने ओढून घेतले, आणि ते पुरेसे जमल्यावर पेट्रोलाशी चार वर्षांची सोयरीक मोडून दोघे जोडीने तळाशी जाऊन बसले. तू भरलेस तेव्हा टाकीत अद्वैत होते. मी उघडले तेव्हा शुद्ध द्वैत. आचार्यांमध्ये जे वाद शतकानुशतके मिटले नाहीत त्यांचा एका टाकीत पावसाळ्याने निकाल लावला. मात्र मोटारीची नळी टाकीच्या तळातून ओढते. म्हणजे लोणी वर तरंगत होते आणि आम्ही हँडल मारमारून मोटारीला खालचे ताक पाजत होतो.

हे कळताच अंबाजी म्हणाला, "मी पयल्यापासनं ह्येच म्हनत हुतो." दत्तोबाने त्याच्याकडे पाहिले आणि फक्त बिडी झटकली.

मग एकेक अवयव बाहेर निघाला. वैद्य म्हणून तू हे शांतपणे वाच. टाकीच्या आतून गंज इतका निघाला की दारावर गेरू द्यायला पुरला असता. रबरी नळी सांबारातल्या शेवग्याच्या शेंगेसारखी फुगून मऊ झाली होती. अंबाजीने ओढली तर हातात साल आली. यंत्राला तेल मापून देणारा जो पितळी डबा असतो, त्याला अंबाजी कारबुरेटर म्हणतो, त्याच्या बारीक भोकांत हिरवट-पांढरी बुरशी, न घासलेल्या पंचपात्रीला येते तशी. पण सर्वांत दुःखद निधन त्या बुचाचे. डब्यात एक बुचाचा गोळा तरंगत असतो. तेल वाढले की तो वर येतो आणि भोक बंद करतो, असे त्याचे साधे, प्रामाणिक काम. त्याच्यावर लाखेचे रोगण असते. आणि लाख स्पिरिटात विरघळते, हे मी तुला सांगावे? मोटार बनवणाऱ्याने हिशेब पेट्रोलाचा केला होता. तुझ्या आसवाची त्याला काय कल्पना. लाख विरघळली, तिचा चिकटा सगळ्या भोकांत जाऊन बसला, आणि उघडे पडलेले बूच तुझे रसायन पिऊन पिऊन तळाला गेले. म्हणूनच थेंब गळत होते. जमादाराला आला तो वास त्या बुचाच्या शेवटच्या श्वासाचा.

अंबाजीने तेथे हात टेकले. म्हणाला, नवी टाकी आणि नवे बूच मुंबईहून यायला हवे, आणि लढाईनंतर मुंबईहून काय येते ते देवाला माहीत. अक्षय्य तृतीया तर दारात. मी तुला पत्र लिहायला बसलो. पहिले वाक्य लिहिले होते, 'मोटार गेली असे समजावे.' तो कागद तुझ्या ताईने उचलला आणि त्यावर कोथिंबीर निवडली.

टाकीचे तिने असे केले. इंद्रायणीतले गुळगुळीत गोटे आणि वाळू टाकीत भरली, सोड्याचे पाणी ओतले आणि दत्तोबाला म्हणाली, "हे टांग्यात बांधा आणि मळवलीपर्यंत जाऊन या." टाकी आतून घासायची तर ती तासन्तास हलली पाहिजे, आणि त्या रस्त्यावर टांग्याइतके कोण हलवणार? दत्तोबाने विचार केला. त्याचा प्रश्न तुझ्या लक्षात येईल: त्याच्याच टांग्याने, त्याच्याच घोडीने, त्याच्याच पोटावर येणारी मोटार बरी करायची. तो म्हणाला, "लीलाबाई, तुमी मला माझ्याच मयताचं सामान वाहायला लावताय." ती म्हणाली, "दत्तोबा, मार्गशीर्षात फाट्यावर सगुणी उभी राहिली तेव्हा तुम्ही तिला मारलं नाहीत. मी पाहिलं. आता तिला घरी बसू द्या, आणि तुम्ही माझ्या शेजारी बसा. वाटा तुम्हांला माहीत, मला नाहीत." दत्तोबाने बिडी विझवली. मग उठून त्याने टाकी उचलली आणि भाड्याने आलेल्या शेठाणीसारखी मागच्या बाकावर बसवली. तिच्या खाली त्याने पोत्याची घडी घातली, मग 'हलाया पायजे न्हवं' म्हणून ती परत काढली. मळवलीपर्यंतच्या सर्व खड्ड्यांनी आपले काम चोख केले. टाकी परत आली तेव्हा आतून कल्हई केल्यासारखी दिसत होती. सगुणी मात्र फाट्यावर नेहमीप्रमाणे उभी राहिली होती, आणि तेवढा वेळ दत्तोबाने खाली उतरून टाकी स्वतः हलवली, असे पाहणारे सांगतात.

राहिले बूच. अंबाजीने बाटलीचे बूच लावून पाहिले, भोपळ्याचा तुकडा लावून पाहिला, आणि (हे त्याने नाकारले आहे) माझ्या पगडीची सुपारीएवढी गाठही हातात घेऊन पाहिली. संध्याकाळी तुझी ताई देवघरातून बाहेर आली. हातात तिचा कुंकवाचा करंडा. पातळ पितळेचा, पोकळ, वर मोर. तुझ्या पहिल्या कमाईतून तू भाऊबीजेला दिलेला. तिने कुंकू एका वाटीत काढून ठेवले, करंडा पुसला आणि अंबाजीपुढे धरला. "हा झाळून बंद केला तर तरंगेल का?" अंबाजीने पहिल्यांदाच मिलिटरीचे नाव न घेता उत्तर दिले, "तरंगंल, बाई. मोर काढाया लागंल." कल्हईवाल्याने तो झाळून बंद केला. घंगाळात सोडला तर जरा एका अंगाला कलला. मोर काढला तेथे त्याच्या पायांचे पितळ उरले होते, तिकडे जड होता. कानशीने घासून त्याला सरळ केले. मोर तिने जपून ठेवला आहे. सध्या ती कुंकू वाटीतून लावते.

काल दशमीला सगळे अवयव परत बसले. दाई म्हणून तिला जे कूपन मिळते त्यावर आणलेले स्वच्छ पेट्रोल आम्ही टाकीत घातले, स्पिरिटाचा थेंब नाही. अंबाजीने हँडल मारले. गोठ्यात आम्ही चौघे होतो, आणि मी खरे सांगतो, वेदान्तावर इतकी वर्षे व्याख्याने देऊनही मी देवाला एका पितळी डब्यासाठी हात जोडले. पहिल्या फेरीला काही नाही. दुसऱ्या फेरीला खाकरा. तिसऱ्याला ती अशी काही जोरात बोलू लागली की कौलांवरचे कावळे उडाले, आणि अंबाजी हँडल सोडायला विसरल्याने त्याच्याबरोबर थोडा फिरला. धूर पांढरा, मग निळा, मग नाहीसा. थेंब गळला नाही. तुझी ताई त्या पितळी डब्याच्या झाकणाला हात लावून उभी होती; आत करंडा तरंगत असल्याचे तिला हाताला कळत असावे, असे तिचे तोंड होते. दत्तोबा म्हणाला, "आवाज बरा हाय. सगुणीला आवडंल." मी अधिक वेळ न चालवता बंद करायला लावली. रस्त्यावर ती चालेल किंवा नाही हे आज तरी मी सांगू शकत नाही.

तर, तू विचारल्याप्रमाणे माझा निःपक्षपाती अभिप्राय असा. मोटार जुनी आहे. तिची नळी टांग्याच्या पट्ट्याने बांधली आहे, टाकीत अजून कोठे एखादा गोटा खडखडतो, तीन स्क्रू फिटरच्या खिशात आहेत, आणि तिचे हृदय म्हणजे मोर काढलेला करंडा. असा माल कोणत्याही व्यापाऱ्याला देणे तुझ्यासारख्या सचोटीच्या माणसाला शोभणार नाही, एवढेच मी म्हणेन. बाकी तू सुज्ञ आहेस. अम्लपित्तासाठी दूध घे, स्वतःचे आसव घेऊ नकोस.

तुझा,
दिगंबर

ता. क. वर जे लिहिले ते अभिप्राय म्हणून लिहिले. आता मागणे लिहितो, कारण ते तुझी ताई कधीच लिहिणार नाही. ती मोटार तिला दे. भाऊबीज कार्तिकात असते हे मला पंचांगाशिवाय ठाऊक आहे, पण गरोदर बायका कार्तिकाची वाट पाहत नाहीत. तू दिलेला करंडा तिने तुझ्याच मोटारीत घातला आहे. आता करंडा मोटारीचा की मोटार करंड्याची, हा प्रश्न मी माझ्या वर्गात घालणार आहे. उत्तर मुलांना येईल.

ता. क. दुसरा (द्वादशी, दुपार). हे पत्र काल पेटीत पडले नाही. तिसऱ्या प्रहरी येळशाहून रखमाजी धावत आला. त्याची सून झुंबरबाई अडली होती. मार्गशीर्षातली तीच ही नव्हे, पण वाट तीच. तो दारात उभा राहून एवढेच म्हणाला, "बाई, टांगा हाय का?" तुझी ताई पिशवी घेऊन गोठ्याकडे गेली. रस्त्यावर चालेल की नाही असे मी वर लिहिले आहे, त्याची शाई ओली होती. कार्ल्याच्या फाट्यावर मोटार उभी राहिली नाही. (दत्तोबा सांगतो की तेथे त्याने सवयीने खाली उतरायला पाय काढला होता.) कामशेतपुढे गाडीवाटेने दत्तोबा 'डावं घ्या, डावं, खड्डा हाय' करीत गेला, आणि हातातल्या चाबकाने दार वाजवीत होता. वेळेत पोचले. झुंबरबाईला मुलगी झाली, दोघी सुखरूप. रखमाजीने मोटारीला हळदीकुंकू लावले. तू तेवढे लावायचे विसरला होतास.

त्याच वेळी इकडे व्यापाऱ्याचा माणूस आला. अक्षय्य तृतीयेच्या गर्दीआधी माल उचलावा म्हणून. मी त्याला गोठा दाखवला. त्याने विचारले, "माल कुठं?" मी म्हटले, "बाळंतपणाला गेला आहे." तो पुण्याचा असल्याने त्याला माझ्या बोलण्यात काहीतरी कुचेष्टा आहे असे वाटले. जाताना त्याने चार कोपऱ्यांतल्या विटांकडे पाहून त्या विकायच्या आहेत का असे विचारले. तुला विचारून कळवतो असे मी सांगितले आहे. तरी विटांचे कळवावे.

चि. भालूस ताईचा आशीर्वाद. ह्यांनी काय काय लिहिले ते मी आत्ता वाचले. मी मागणार नव्हते. आता मागितले आहे तर असू दे. मोर तुझी आठवण म्हणून ठेवला आहे, तो मी परत देणार नाही, पुढे काचेपाशी बसवणार आहे. भाऊबीजेला ये. स्टेशनबाहेर दत्तोबाला शोधू नकोस, तो माझ्या शेजारी असेल. आणि येताना तुझे ते जुने आसव आणायचेच असेल तर बाटलीत आण. मोटारीजवळ मी ते येऊ देणार नाही.